मिर्झासाहेबांच्या अंगावरचे मोती

तेहरान, रबिलाखर ५

नबात,

"चेहरा देव देतो, कपडे शाह देतो, चित्रकारानं दोघांशीही हुज्जत घालू नये," असं बाबा म्हणाले होते. आठवतं तुला? तुझे पुढचे दात पडलेले होते. मी हौसेने एका कारकुनाच्या चित्रात त्याची टोपी वीतभर उंच केली होती आणि बाबांनी ती खरवडून बोटभर ठेवली. मोठी बहीण असून मी रडायला लागले, तर तू म्हणालीस, "आबजी, आता त्याला ऊन लागेल ना!"

तुझ्या यजमानांनी, मिर्झासाहेबांनी, चित्रासाठी पाठवलेलं मागणीपत्र वाचताना मला तोच कारकून आठवला. केसाळ गळ्याचा झगा हवा, कमरेला रत्नांचा खंजीर हवा, आणि बसायला खुर्ची! दादाने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "नतंजचा नायब आहे की रूमचा सुलतान? खुर्ची शाहजाद्यांना. नायबानं गालिच्यावर गुडघे मोडून बसावं." म्हणून तसेच बसवले आहेत. काळा साधा अंगरखा, कमरेला काश्मिरी शाल, शालीत खोचलेली लेखण्यांची पेटी, हातात जपमाळ. नायबाला यापेक्षा जास्त शोभत नाही आणि कमी परवडत नाही.

नेहमीप्रमाणे कपडे मी रंगवले, चेहरा दादाने. दादाने त्यांना कधी पाहिलेलं नाही. तू लिहिलं होतंस, "चेहरा गोल, भुवया विरळ, दाढी आखूड." दाढी त्याने ठेवली, पण भुवया जाड आणि जुळलेल्या काढल्या. म्हणाला, विरळ भुवयांचा माणूस आपल्या कारखान्यातून आजवर बाहेर पडलेला नाही.

एक सांगायचं राहिलं. छातीवर, बाह्यांवर आणि टोपीवर हाताला बारीक उंचवटे लागतील. कापडच तसं आहे, हवेचे बुडबुडे असतात. काळजी करू नकोस. फक्त चित्र ओल्या फडक्याने पुसू नका. अजिबात नका.

तुझी खावर

नतंज, जमादिलावल २

प्रिय आबजी,

चित्र सुखरूप पोचलं. खेचरवाल्याने ते खरबुजांच्या दोन पाट्यांमध्ये बांधून आणलं, त्यामुळे चित्रातल्या आमच्या ह्यांना अजून थोडा खरबुजाचा वास येतो.

ह्यांचा आनंद काय सांगू! बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीवर टांगलंय. गावातला जो दिसेल त्याला आत बोलावतात. सासूबाई किती तरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या लेकाची कंबर एवढी बारीक नाही. पोटात होता तेव्हासुद्धा नव्हती." हे जरा हिरमुसले. तेव्हा त्या म्हणाल्या, "पण असायला हवी होती. चित्रकार शहाणा आहे."

तुझी ताकीद मी ह्यांना वाचून दाखवली. म्हणाले, "खावरबाईंना कळव, धूळ बसलेला नायब मला चालायचा नाही." रोज सकाळी स्वतः गुलाबपाण्यात रुमाल बुडवून चित्र पुसतात. आधी चित्राचं तोंड, मग स्वतःचं.

तर काल उजव्या बाहीवरचं काळं थोडं निघालं आणि खालून तीन मोती वर आले. चांगले टपोरे, पांढरे, फुगीर. हे धावत स्वयंपाकघरात आले. "नबात! तुझ्या दादानं मला न सांगता मोती दिलेत. गुपचूप! माणसाची पारख आहे हो त्याला." तेव्हापासून दिवसातून दोनदा पुसतात.

आबजी, मीही त्याच कारखान्यात वाढले. खडू आणि सरस कालवून मोती असे फुगवून कुणाच्या कपड्यांवर बसवतात, हे मी विसरलेले नाही. हवेचे बुडबुडे एका रांगेत बसत नाहीत. त्या अंगरख्याखाली कोण आहे ते मला खरं सांग.

तुझी नबात

तेहरान, जमादिलावल १८

नबात, हे पत्र एकटीच वाच.

बुडबुडे लिही असं दादाने सांगितलं, म्हणून लिहिलं. आता ऐक. प्रांतोप्रांती पाठवायला शाहच्या तसबिरी आपल्याकडे होतात हे तुला माहीत आहे. कपडे आधी तयार करून ठेवायचे, चेहरा शेवटी दादाच्या हातचा. या वर्षी दरबारातून निरोप आला की आता शाह तुरा लावलेल्या टोपीत नकोत, मुकुटात हवेत. तोवर गालिच्यावर बसलेलं एक अंग पूर्ण झालं होतं. माझे तीन महिने त्या मोत्यांत गेले होते. बिनचेहऱ्याचे शाह भिंतीकडे तोंड करून टेकवलेले होते. तोंड नव्हतं, पण तू समजून घे.

तेवढ्यात तुमची मागणी आली. दादा म्हणाला, "एवढं चांगलं कापड वाया का घालवायचं? वरून काळा अंगरखा चढव." मी म्हटलं, आधी खालचं खरवडून काढू. म्हणाला, "वेळ नाही. नायबाला कोण एवढं निरखून बघणार?" त्याला काय ठाऊक, नायब स्वतःच निरखून बघतील!

रोगणावर चढवलेला रंग धरत नाही. म्हणून सांगते, अंगरख्याखाली दोन्ही दंडांवर शाहचे बाजूबंद आहेत, छातीवर मोत्यांचे सर, शालीखाली पाचूचा पट्टा आणि खंजीर, टोपीवर तुरा. यातलं एक जरी कुणी बाहेरच्याने पाहिलं, तर नतंजच्या नायबाने शाहचा पोशाख चढवला असा अर्थ होईल. त्यावर पुढे काय होतं ते मी लिहीत नाही. गुलाबपाणी आजच्या आज बंद कर. चित्र उतरव, गुंडाळ आणि गाद्यांखाली घाल. लोकांना सांग, उंदीर लागले.

खावर

नतंज, जमादिलाखर ७

आबजी,

तुझं पत्र पोचायला उशीर झाला. गुलाबपाणी वेळेवर पोचत होतं.

आता दोन्ही बाजूबंद दिसतात, खंजीर दिसतो आणि टोपीवरून तुऱ्याचं टोक डोकावतंय. मी ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. हे पांढरेफटक पडले आणि मटकन खाली बसले. मग चित्राकडे लक्ष गेलं आणि ताडकन उठून उभे राहिले. "अगं, शाहच्या तुऱ्यासमोर बसलो मी!" मी म्हटलं, "अहो, चित्र तुमचं आहे." म्हणाले, "तोंड माझं आहे. त्या तोंडाची काय किंमत? तुरा कुणाचा आहे ते बघ!"

उतरवणार होतो, पण त्याआधीच न्हावी येऊन गेला होता. ह्यांची दाढी कातरताना त्याची कात्री हातातच राहिली. न्हाव्याला कळलं म्हणजे गावाला कळलं. दुपारपर्यंत दारात रांग. लोक येतात, उंबऱ्याशीच वाकतात आणि पाठ न दाखवता उलट्या पावलांनी बाहेर जातात. काल एक मुल्ला तसाच उलटा चालत आमच्या हौदात पडला. ह्यांच्या चेहऱ्याकडे कुणी पाहतही नाही. गेल्या महिन्यात ह्यांनीच आत बोलावून दाखवलेलं, तरी एकालाही आठवत नाही की हे आपले नायब आहेत! सगळे म्हणतात, राजधानीहून शाहची तसबीर आली.

सासूबाई दोन दिवस अडून बसल्या. "ज्याचं नाक मी पुसलं त्याच्या चित्रापुढे मी वाकू?" तिसऱ्या दिवशी हळूच वाकल्या. मला म्हणाल्या, "मी फक्त तुऱ्याला वाकले. नाकाला नाही."

आता उतरवलं तर लोक विचारतील, शाहना भिंतीवरून का काढलं? ठेवलं तर आमच्या प्रांताचे धनी शाहजादेसाहेब येतायत. साबानमध्ये इस्फहानहून शिकारीला आणि आमच्या नाशपात्या खायला येणार, मुक्काम आमच्याकडे. ते चेहरा बघतील. मग ह्यांची मान राहत नाही, आबजी. मला काळा रंग पाठव. मी पुन्हा अंगरखा चढवते.

नबात

तेहरान, जमादिलाखर २५

नबात,

रंग पाठवते आहे, पण अंगरख्यासाठी नाही. आधी नीट वाच.

तुझं पत्र दादाला दाखवलं. त्याला त्याच दिवशी कुमच्या यात्रेची ओढ लागली. दुपारचं जेवणही घेतलं नाही. तेव्हा पुढचं सगळं माझ्या डोक्यातलं आहे. चुकलं तर मला शिव्या दे.

मी तीन रात्री नाही, पण तीन वेळचं जेवण तरी यावर घालवलं. तुरा लोकांनी पाहिला. आता त्यावर काळं फासशील तर शाहचं चिन्ह पुसलं म्हणून हात जाईल. न फासशील तर डोकं जाईल. म्हणजे कपड्यांना आपल्याला हात लावता येत नाही. मग उरलं काय? आतला माणूस. त्यालाच बदल.

शाहची दाढी पार कमरेपर्यंत असते, हे आपल्याकडच्या पोरासोरांना ठाऊक आहे. तुझ्या यजमानांची आखूड दाढी खाली वाढवत ने, थेट पट्ट्यापर्यंत. भुवया जुळलेल्या आहेतच, दादाच्या कृपेने. डोळे तर आपल्या कारखान्यात सगळ्यांचे सारखेच. दाढी झाली की निम्मा चेहरा झाकला जाईल आणि उरलेल्याकडे कोण बघतो? गावाने पाहिलंय का?

साखरेच्या पुड्यात काजळी-तेलाची बाटली आणि दोन कुंचले आहेत, बारीक आणि त्याहून बारीक. दंडांवरच्या मोत्यांवर एकही थेंब पडू देऊ नकोस. केस वरून खाली ओढायचे, आडवे नाहीत. लहानपणी बाबा तुलाच दाढ्या भरायला द्यायचे. माझ्या दाढ्या दोरखंडासारख्या व्हायच्या.

रेघ वाकडी गेली तर थांब, श्वास घे, पुन्हा ओढ.

खावर

नतंज, रज्जब १४

आबजी,

दाढी झाली.

बैठकीला आतून कडी लावून सकाळच्या उजेडात केली. सासूबाई दारापाशी बसून येणाऱ्याला सांगत होत्या, "शाहसाहेब आराम करतायत." हे माझ्या शेजारी उभे होते. आधी सूचना देत होते. इथे जरा दाट, तिथे जरा सरळ. मी हनुवटीपाशी आले तेव्हा हळूच म्हणाले, "नबात, हनुवटी तेवढी ठेवतेस का? माझी वाटते तशी."

मी म्हटलं, "मान हवी की हनुवटी?"

"मान," म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाईट वाटलं. पण कुंचला ओला होता.

डावीकडे दाढी थोडी झुकली. माझा दोष नाही. मधेच सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "शाहसाहेब सरबत घेणार का?"

आता एकच भीती आहे. शाहजादेसाहेब चेहरा नाही ओळखणार असं धरू. पण शाहचेच चिरंजीव ते! वडिलांची तसबीर गावात आली आणि मला कळवलं का नाही, असं विचारलं तर? ती आली की हाकिमाने गावाबाहेर जाऊन अनवाणी सामोरं जायचं असतं. आमची खरबुजांमधून आली. हे उत्तरं जुळवतात आणि मोडतात. पुटपुटत अंगणात फेऱ्या मारतात. रात्रीचं जेवण ठेवून उठतात.

प्रार्थना कर.

नबात

तेहरान, साबान २२

नबात, नबात,

तुझं पत्र नाही. आज नतंजचा एक खेचरवाला बाजारात भेटला. म्हणाला, त्याने इस्फहानच्या वाटेवर मिर्झासाहेबांना अनवाणी चालताना पाहिलं. पुढे शाहजाद्यांचे शिपाई, मागे सगळं गाव, बायका रडत होत्या. मिर्झासाहेबांच्या डोक्यावर धूळ होती आणि डोळे खाली. त्याने पुढचं पाहिलं नाही, त्याला खेचरं पाजायची होती.

मी घरी येऊन कुंचले धुतले आणि तशीच बसले. ही अक्कल माझी होती. दादा कुमहून परत आलाय. मी सांगितल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

मुलांना घेऊन इकडे निघून ये. सासूबाईंनाही आण. भाड्याचं मी बघते. एक ओळ पाठव, निदान तू जिवंत आहेस एवढी.

तुझी आबजी

नतंज, साबान २९

माझी लाडकी आबजी,

आम्ही सगळे जिवंत आहोत. हे आत्ता माझ्यामागे घोरतायत. तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग हसले, मग दृष्ट काढायला तुझ्या नावाने इस्पंदचे दाणे ओवाळून विस्तवात टाकले.

नीट सांगते. शाहजादेसाहेब आले. चाळिशी ओलांडलेले, अंगाने जड, दम लागलेला. येतानाच विचारलं, "नाशपात्या कुठायत?" आणि बैठकीत शिरले. मी पडद्याआड होते, सासूबाईंनी माझा दंड असा धरला होता की बाजूबंदासारखा वळ अजून आहे.

त्यांनी चित्र पाहिलं आणि पाऊल थांबलं. मग शाहजादे हळूच गालिच्यावर खाली बसले, वाकून कपाळ टेकलं आणि रडायला लागले. मोठ्यांदा, लहान मुलासारखे.

"शाहबाबा," म्हणाले. "हुबेहूब शाहबाबा."

मग चित्राकडे बघून बोलत राहिले. "मी सात वर्षांचा होतो. मला प्रांतात पाठवायच्या दिवशी दरबारात उभं केलं होतं, अगदी मागच्या रांगेत. माझ्यापुढे माझे तीसएक भाऊ. चेहरा दिसलाच नाही मला. हे मोती दिसले. दंडावरचे. ऊन पडलं होतं त्यांवर." मग डोळे पुसून पुढे झाले. "आणि दाढी! दाढी डावीकडे अशीच झुकायची. हे ज्यानं काढलंय त्यानं शाहबाबांना जवळून पाहिलंय."

सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "सरबत विचारलं होतं मी तेव्हा."

आबजी, मला हसू आलं नाही. मी त्या माणसाकडे बघत होते. प्रांताचा धनी, चाळीस खेचरांवर सामान, आणि बापाची आठवण म्हणून त्याच्याकडे तुझे तीन महिन्यांचे मोती.

मग त्यांचा आवाज बदलला. मागे वळून म्हणाले, "पण हे तुझ्याकडे कसे? नतंजच्या नायबाकडे? मला आजवर एक तसबीर नाही पाठवली त्यांनी!"

झालं, असं वाटलं मला. मी पडदा बाजूला करून त्यांच्या पायांवर पडणार होते. तेवढ्यात आमचे हे बोलले. इतके दिवस अंगणात फेऱ्या मारून एक शब्द सुचला नव्हता त्यांना. अगदी शांतपणे म्हणाले, "हुजूर, तसबीर आपल्याकडेच निघाली आहे. वाट धुळीची, म्हणून इथे विसाव्याला थांबली. आपण आलात, आता आपल्यासोबतच पुढे जाईल."

शाहजाद्यांनी ह्यांना मिठी मारली! नाशपात्या राहिल्या बाजूला. दुसऱ्या दिवशी सकाळी तसबीर किनखापी झूल घातलेल्या खेचरावर चढवून वाजतगाजत नेली. रिवाजाप्रमाणे हे वेशीबाहेर बऱ्याच लांबपर्यंत तिच्याबरोबर अनवाणी चालले. तुझ्या खेचरवाल्याला तेच दिसलं. बायका रडत होत्या कारण शाह गावातून चालले होते. आणि हे मान खाली घालून होते कारण स्वतःच्याच तोंडाला निरोप देताना कुठे बघायचं हे त्यांना कळत नव्हतं. ते तोंड आता इस्फहानच्या दिवाणखान्यात आहे, दाढीमागे. दादाला सांग, तिकडून कुणी विचारलंच तर 'हो' म्हणायचं आणि यात्रेला जायचं.

निघताना शाहजाद्यांनी अंगावरचा झगा उतरवून ह्यांच्या खांद्यांवर घातला. खरा, केसाळ गळ्याचा! तीन दिवस तो घालून बसायचा असतो, तसे हे बसले. भर उन्हाळ्यात. भिजलेल्या मेंढ्यासारखा वास येत होता. आमची धाकटी लेक त्या तीन दिवसांत ह्यांच्या जवळ गेली नाही. दारातून बघायची आणि मला विचारायची, "तो माणूस कधी जाणार?"

चौथ्या दिवशी झगा पेटीत गेला. हे मागच्या बागेत पाटाच्या कडेला बसले. सदरा वर गुंडाळलेला, पोट सुटलेलं, पाय पाण्यात, टोपी कुठे तरी फेकलेली. सुरीने नाशपाती कापून खात होते, रस आखूड दाढीतून ओघळत होता. धाकटी धावत गेली आणि त्यांच्या पाठीवर चढून टकलावर ओल्या हातांनी थापट्या मारायला लागली. दोघंही इतके हसले की सासूबाई रागावल्या.

मी दारात उभी राहून त्या शाहजाद्याचा विचार करत होते. आमची पोर मोठी होईल, कुठल्या तरी लांबच्या गावी जाईल. तिने बापाला कशावरून आठवायचं?

म्हणून मागते. ह्यांचं एक चित्र काढ. असं, पाटाच्या कडेला, उघड्या डोक्याचं. विरळ भुवयांसकट, पोटासकट. शाल नको, पेटी नको, अंगावर एकही मोती नको. दादा म्हणेल, उघड्या डोक्याचा माणूस चित्रात फक्त कैदी असतो, आणि असलं चित्र आपल्या कारखान्याच्या नावाला बट्टा आहे. म्हणून दादाला सांगू नकोस. आणि चेहरा त्याच्याकडून नको, तूच काढ. तू आजवर एकही चेहरा काढलेला नाहीस, बाबांनी तुला काढू दिला नाही आणि आता तुझा हात त्याला घाबरतो, हे सगळं मला माहीत आहे. तू 'नाही'च लिहिशील, कदाचित उलट टपालीच. तरी पण आबजी, नाशपात्या संपायच्या आत इकडे ये, ह्यांच्यासमोर बस आणि ह्यांच्याकडे बघून ह्यांना काढ.

नबात